जुनी इमारत पाडायची की नव्या कामाला लावायची? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांचे अनुभव हवेत

मलप्रभाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची खानापूर तालुक्यातली, सध्या बेळगावात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. दहाव्या सेमिस्टरला प्रबंध करायचाय आणि विषय घेतलाय जुन्या इमारतींचा पुनर्वापर. इमारत ज्या कामासाठी बांधली ते काम संपलं, तर तिला न पाडता दुसऱ्या कामाला लावायची, आणि तेही नवं सामान आणि वीज-पाणी कमीत कमी खर्ची घालून.

हे केवळ जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. जगात निघणाऱ्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे निघतो. भट्टी साधारण १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि चुनखडी भाजताना तिच्या पोटातलाच कार्बन बाहेर पडतो तो वेगळा. म्हणजे भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो भाग राहतोच. अमेरिकेतल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशनने २०११ च्या अभ्यासात हिशेब मांडला होता: वीज वाचवणारी नवी इमारत बांधली, तरी तिच्या बांधकामात झालेलं नुकसान भरून निघायला १० ते ८० वर्षं लागतात, इमारतीच्या प्रकाराप्रमाणे. आपल्याकडची हवा, सामान, मजुरी सगळं वेगळं, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावणार नाही. पण प्रश्न तोच आहे.

डोक्यात तीन पर्याय आहेत. बेळगावच्या जुन्या गल्लीतलं एखादं चौकाचं घर, खानापूर भागातला बंद पडलेला कौलांचा कारखाना, किंवा निपाणीतली तंबाखूची वखार. तुमच्या आसपास अशी इमारत कुणी नव्याने वापरात आणलीय का? काय जमलं, काय फसलं? आणि शिकणाऱ्या मुलीने नेमकं काय बघावं? बिनधास्त लिहा.

पहिलं_गेट_टिळकवाडी

धागा काढल्याबद्दल धन्यवाद. फार गरजेचा विषय. आमच्या रस्त्यावरचे बैठे बंगले एकेक करून जाताहेत. पुढे बाग, मध्ये पोर्च, मागे विहीर. आता तिथे तळाला पार्किंग आणि वर चार मजले. वाचतोय.

समादेवी_गल्ली

बाळ, आधी रिसालदार गल्लीत जाऊन ये. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले तेव्हा भाटे वकिलांच्या घरी उतरले होते, ते घर आज स्मारक म्हणून जपलंय. नंतर ते वनखात्यातल्या हरिपद मित्रांकडे राहिले, ती जागा किल्ल्यात रामकृष्ण मिशनच्या आश्रमात आहे. दोन्ही राहती घरं होती, आता लोक तिथे दर्शनाला जातात, शांत बसतात. घर राहिलं म्हणून आठवण राहिली.

उचगावचा_कंत्राटदार

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू मांडतो. माझं कामच पाडण्याचं आणि बांधण्याचं आहे.

समादेवीकाकू म्हणतात ती घरं मोठ्या माणसाच्या पायाने पावन झालेली. त्यांच्यामागे संस्था उभी राहते, पैसा उभा राहतो. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे तीन भाऊ, दोन बहिणी, एक पुण्यात, एक बेंगळुरात, उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. मातीची भिंत, वाळवी लागलेले वासे. दुरुस्तीला कर्ज मागायला गेलं की बँकवाले तोंड फिरवतात, नव्या बांधकामाला लगेच देतात. वाटणी करायची तर फ्लॅट करूनच होते, चौक पाचात कसा वाटायचा? हे सुटल्याशिवाय प्रबंध कागदावरच राहील.

शिवाय जुन्या कामाला माणूस मिळत नाही. चुन्याचं काम येणारा गवंडी माझ्या ओळखीत एक आहे, त्याचंही आता वय झालंय.

चिरेबंदी

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. उचगावकरांचा वाटणीचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण "मातीची भिंत, वाळवीचे वासे, म्हणजे पाडा" हे मान्य नाही. तपासल्याशिवाय इमारतीवर निकाल देऊ नये.

मलप्रभाकाठची, तुझ्या प्रश्नाकडे येतो. काय बघावं, ते माझ्या परीने लिहितो.

एक म्हणजे पाणी. आपल्याकडची जुनी घरं भाराने पडत नाहीत, पाण्याने पडतात. फुटकं कौल, तुंबलेली पन्हळ, नाहीतर बाहेरचा रस्ता दरवेळी डांबराचे थर चढून जोत्याच्या वर गेलेला. रस्त्याचं पाणी मग भिंतीत शिरतं. गल्लीतल्या जुन्या घरात उंबऱ्यावरून खाली उतरावं लागतं, बघितलं असशील. ते घर खचलेलं नसतं, रस्ता वर आलेला असतो. ओल चढलीय की गळतेय हे आधी ठरव, दोन्हींची दवा वेगळी.

सिमेंट गिलावा. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर कडक होतो, पण अंगाने सच्छिद्र राहतो. त्यात मुरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू सुकून जाते. वरून सिमेंट थापलं की वाट बंद. ओल आतच कोंडते, मिठं फुलतात, दोन-चार पावसाळ्यांत पोपडे धरतात, आणि मग लोक म्हणतात भिंत खराब आहे. भिंत चांगली असते, तिच्यावरचं औषध चुकलेलं असतं. चुना भाजायला साधारण ९०० अंश पुरतात आणि भिंतीवर वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेतो, हे तुझ्या हिशेबात धर.

आणि भार. वापर बदलला की भार बदलतो, इथे विद्यार्थी हमखास अडकतात. भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, राहत्या खोलीला चौरस मीटरला २०० किलो धरतात. तीच खोली पुस्तकांच्या कपाटांनी भरायची तर कमीत कमी ६००. माडीवर वाचनालय काढूया हे वाक्य फार गोड वाटतं, पण त्या सागवानी तुळईला आधी विचारायला हवं. तळमजल्यावर पुस्तकं, माडीवर बसायची जागा, असं उलटं केलं की तीच इमारत आनंदाने चालते.

भूकंपाचं नंतर लिहितो, साइटवर जायचंय.

येळ्ळूरकर

चिरेबंदी, रस्ता वर येतो ते अगदी बरोबर. आमच्या वाड्याचं जोतं तीन पायऱ्या होतं म्हणे, आता एक उरलीय.

मला पाडकामाच्या मातीबद्दल बोलायचंय. घर पाडलं की ट्रॅक्टर भरून दगडमाती रातोरात नाल्याच्या कडेला. बळ्ळारी नाला तुंबला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी घुसतं आणि भात कुजतं. पाडकामाचा कचरा वेगळा करून ठरलेल्या जागी द्यायचा, असा नियम २०१६ पासून आहे. पाळतंय कोण? प्रबंधात हा खर्च धर. घर पाडायचा खर्च मालक देतो, त्या मातीचा खर्च शेतकरी देतो.

खानापुरी_कौल

ज्या विषयावर बोलायचा मला हक्क आहे तो आला!

आमचं घर कौलारू. मंगळुरी पद्धतीची कौलं बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केली आणि ती पश्चिम किनाऱ्यावरून वर चढत आपल्या भागात आली. खानापूरची माती त्या कामाला चांगली, म्हणून इथे कौलांचे, विटांचे कारखाने उभे राहिले. कुंभारकामाची सरकारी संस्थाही खानापुरातच आहे. आता स्लॅब आणि पत्र्यामुळे कौलांना गिऱ्हाईक नाही.

खरं सांगू, कौलं जाण्याचं पहिलं कारण माकडं. रानातून टोळी येते, छपरावरून उड्या मारत जाते, आणि मृगाच्या आधी परतलेली कौलं आषाढात गळायला लागतात. दर वर्षी कौलं चाळायला माणूस नाही, फुटल्या कौलाला जोडीचं कौल मिळत नाही. माणूस वैतागतो आणि पत्रे घालतो. मग उन्हाळ्यात आत बसवत नाही, पावसात बोललेलं ऐकू येत नाही.

तेव्हा ताई, डिझाइन कर पण माकडांची परवानगी घे. :)

पणजीहून_बेळगावकर

माकडांना अनुमोदन! आमच्या कणकुंबीच्या आत्याने कौलांवर जाळी टाकून बघितली, तर माकडांनी जाळीचा झोपाळा केला.

खानापुरी_कौल

जाळी नाही. कौलांच्या खाली पातळ पत्रा घालायचा आणि वर कौलं तशीच ठेवायची. शेजारच्यांनी केलंय. कौल फुटलं तरी घरात थेंब नाही, आणि मधल्या पोकळीमुळे ऊनही कमी लागतं.

चिरेबंदी

@खानापुरी_कौल, चांगला उपाय, फक्त मधल्या पोकळीतून वारं फिरायला आढ्यापाशी आणि वळचणीला वाट ठेवा. नाहीतर वासे घामेजतात आणि कुजतात.

पणजीहून_बेळगावकर

आता विषयावर. पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत बघ. कॉलेज बांबोळीला गेलं आणि २००४ पासून इफ्फीचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं कामकाज तिथे चालतं. चोर्ला घाटाने दोन-अडीच तासांत येशील. रंगकाम छान दिसतं तेवढंच बघू नको. महोत्सव नसतो तेव्हा तिथे काय चालतं, कोण येतं, ते बघ. वर्षातून मोजके दिवस गजबजणारी इमारत आणि रोज चार माणसं वापरतात ती इमारत, यांतली टिकते कोणती, हा माझ्या मते तुझ्या प्रबंधाचा प्रश्न असायला हवा.

निपाणकर

वखारीचं नाव निघालं म्हणून लिहितो. वडील वखारीत दिवाणजी होते, माझं लहानपण तिथेच गेलं.

वखार बाहेरून बघितली की आर्किटेक्ट लोक खूश होतात. उंच छप्पर, मधे खांब कमी, लांबच लांब मोकळी जागा, जाड भिंती. लगेच कॅफे, कलादालन सुचतं. आत मात्र काय असतं बघा. खिडक्या मोजक्या आणि लहान, त्याही वर, कारण तंबाखूला वारं लागून चालत नाही, पाला कोरडा पडून चुरा होतो. म्हणजे उजेड नाही, हवा नाही. आणि खाट, म्हणजे तंबाखूचा नाकात झोंबणारा उग्र वास. पोती हलवली की उठणारा तो खाट भिंतीत, लाकडात, फरशीच्या सांध्यांत बसलेला असतो. वखार रिकामी झाली तरी पहिल्या पावसात भिंती ओलावल्या की पुन्हा वास सुटतो. तोंडाला पदर गुंडाळून बायका दिवसभर चाळण मारायच्या, संध्याकाळी बाहेर आल्या की भुवया पिवळ्या झालेल्या असत. १९८१ चं निपाणीचं आंदोलन शेतकऱ्यांच्या दरासाठी होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. वखारीतल्या बायकांनाही हक्कासाठी संघटित व्हावं लागलं, ते फार कुणी सांगत नाही.

म्हणून दोन गोष्टी. खाण्यापिण्याचं काही तिथे काढू नका. आणि काहीही काढलंत तरी त्या बायकांची आठवण एका कोपऱ्यात पाटी लावून उरकू नका. आज त्यांच्या लेकी-सुनांना काय हवंय ते विचारा. हायवे लागून आहे, माल साठवायला, शिवणकामाच्या शेडला मागणी आहे.

मलप्रभाकाठची

निपाणकर काका, हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. भिंतीत मुरलेला खाट काढायचा उपाय कुणाला माहितीय का?

चिरेबंदी

जुना गिलावा पूर्ण उतरवायचा, सांधे खरवडायचे, भिंत मोकळी सुकू द्यायची, मग चुन्याचा नवा गिलावा. आणि वरती उजेड-वाऱ्यासाठी छप्पर उघडायचं. भिंतीत नवी भोकं पाडण्यापेक्षा छपरातून उजेड घेणं सोपं आणि सुरक्षित. भिंतीत खिडकी फोडली की त्या पट्टीचा भार कुठे जाणार याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

आता राहिलेला भूकंप. भूकंपाच्या मानकात, आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात, बेळगाव झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी घरं पडली त्यांच्या भिंती बारीक नव्हत्या, उलट जाडजूड होत्या. पण दगडाचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेले नव्हते, मध्ये माती-खपऱ्या भरलेल्या, आणि डोक्यावर धाब्याची जड माती. हादरा बसला आणि दोन थर सुटे झाले. तेव्हा दगडी घर निवडलंस तर भिंतीची आरपार जाडी सांधणारे दगड आहेत का ते बघ. नसतील तर ठराविक अंतरावर आरपार भोकं पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून भिंत बांधून घेता येते. वर छपराच्या पातळीला चारी भिंतींना कवेत घेणारा पट्टा. आयएस १३९३५ मध्ये पद्धत दिलेली आहे. खर्च येतो, पण नव्या घराएवढा येत नाही.

पहिलं_गेट_टिळकवाडी

सगळेजण दगडमातीबद्दल बोलताय. साठ-सत्तर सालातल्या काँक्रीटच्या इमारतींचं काय? आमच्याकडे त्याच जास्त आहेत. शाळा, ऑफिसं, छोटी थिएटरं. त्यांना कुणी वारसा म्हणत नाही, म्हणून त्या मुकाट्याने पाडल्या जातात.

चिरेबंदी

फार महत्त्वाचं विचारलंत. सळईला काँक्रीटचा अल्कधर्म गंजापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत तो कमी करत जातो. तो सळईपर्यंत पोचला की गंज सुरू, गंजलेली सळई फुगते, काँक्रीटचं पापुद्रं सुटतं आणि छतातून लाल सळया दिसायला लागतात.

हे तपासायची पद्धत कॉलेजच्या मुलांनाही जमते. कॉलमचा कोपरा छिन्नीने ताजा फोडायचा, धूळ फुंकून काढायची आणि फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारायचं. निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं. मेलेला भाग राखाडीच राहतो. मग पट्टी लावायची: बाहेरून किती मिलिमीटरपर्यंत रंग आला नाही? सळई त्या रेषेच्या आत आहे की बाहेर? एका शाळेच्या इमारतीत सगळ्यांनी "धोकादायक" म्हणून हात वर केले होते. फवारल्यावर दिसलं, व्हरांड्याकडचे आणि संडासांकडचे कॉलम गेलेले, वर्गांच्या कॉलममध्ये ती रेषा सळईच्या अलीकडेच थांबलेली. सगळी इमारत पाडायची गरज नव्हती, एक पट्टा दुरुस्त करायचा होता.

पहिलं_गेट_टिळकवाडी

मग वाचली का शाळा?

चिरेबंदी

नाही. अहवाल येईपर्यंत निविदा निघाली होती.

चंदगडचे_गुरुजी

वाचून वाईट वाटलं. आमच्या सीमेच्या दोन्ही अंगांना मराठी शाळांचे पट घसरताहेत. वर्ग बंद, खोल्यांना कुलूप. कौलारू, लांब व्हरांडा, पुढे मैदान, गावाच्या मधोमध. एका गावात दोन रिकाम्या खोल्यांत बचतगटाच्या बायका नाचणीचे पापड करतात आणि उरलेल्या दोन खोल्यांत शाळा चालते. मुलं आणि आया एकाच आवारात. शाळेचं छप्पर आता बायकाच शाकारून घेतात, कारण त्यांचं सामान भिजतं. शाळा अर्धी रिकामी झाली तेव्हाच हे झालं म्हणून ती इमारत टिकली. पूर्ण बंद होऊन पाच पावसाळे गेले असते तर काही उरलं नसतं.

@मलप्रभाकाठची, फ्रान्समधले लाकातों आणि वासाल हे वास्तुविद तुझ्या अभ्यासात आलेच असतील, २०२१ चं प्रिट्झकर हे वास्तुकलेतलं मोठं पारितोषिक मिळालेले. बोर्डोमध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ५३० घरांच्या जुन्या इमारती न पाडता, रहिवाशांना बाहेर न काढता, बाहेरून खोल सज्जे जोडून मोठ्या केल्या. माणसं आत राहत असतानाच काम करणं, हा मला त्यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

उचगावचा_कंत्राटदार

गुरुजी, पटलं. पण फ्रान्समध्ये मालक एक आणि पैसा सरकारी. आमच्या पाच भावंडांना कोण सज्जे जोडून देणार? अहमदाबादला पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांतल्या घरमालकांना न वापरलेला बांधकामाचा हक्क विकता येतो, आणि त्या पैशातून घर दुरुस्त करता येतं. असं काही इथे झालं तर मीच पहिला जुन्या घराचं काम घेईन. गवंड्याला पोरं शिकवायला लावीन.

आणि आगीचं विसरू नका. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात हॉटेलांना आग लागली, १४ जीव गेले. जुन्या गिरणीची जागा, नवा वापर, आणि पळायला वाट नाही. लाकडी माडी, एकच अरुंद जिना असलेल्या घरात शंभर माणसं बसवायची तर दुसरा जिना कुठे काढणार ते पहिल्या दिवशी ठरवा.

समादेवी_गल्ली

उचगावकर, तुम्ही पाडणारे म्हणवता आणि सगळ्यात काळजीचं तुम्हीच बोललात.

वडगावचा_माग

मी बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. हे सगळं चांगलंच आहे खरं, तुम्ही सगळी मोठ्या मोठ्या इमारतींबद्दल बोलूलालाय. आमच्या वडगाव-खासबागेत येऊन बघा की. आमच्याकडं पुनर्वापर कवाच सुरू झालाय, कुणी नाव दिलं नाही एवढंच.

घर कसं असतंय सांगतो. पुढं हॉल, लांब, कारण माग लांब. मागं स्वयंपाक, न्हाणी, वर माळा. आजोबांच्या वेळी हातमाग, खड्ड्यात पाय सोडून बसायचं. जमिनीतला ओलावा सुताला लागायचा, धागा तुटत न्हवता. म्हणून जमीन मातीचीच ठेवायची. बाबांच्या वेळी खड्डा बुजवून यंत्रमाग आला, जमीन काँक्रीटची झाली, भिंतीला हादरे बसून तडे गेले. हा पहिला बदल. मग साडीला दर मिळेना, पोरं उद्यमबागेत फाउंड्रीत लागली, माग भंगारात गेला. हॉल रिकामा.

आता आमच्या एकाच बोळात बघा. एका हॉलात शिवणक्लास. एका हॉलात कॉलेजच्या पोरांची खानावळ. एकात पोरं स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतात, टेबलाला महिन्याचं भाडं. एका बाईनं अर्ध्या हॉलात माग ठेवलाय, अर्ध्यात साड्यांचं दुकान, गिऱ्हाईक विणताना बघतंय आणि घेतंय. आमच्या हॉलात धाकटी वहिनी फॉल-पिको करते. कुणी आर्किटेक्ट बोलावला नाही. भिंत पाडली नाही. मागाच्या बोल्टाची भोकं जमिनीत अजून हाईत, त्यातच शिलाई मशीन घट्ट केलंय.

खरं त्रास पण हाय. उजेड एका बाजूनंच येतोय, मधल्या टेबलावरच्या पोरांना दिवसा लाइट लागतोय. खानावळीचा धूर जायला जागा नाही. पत्र्याखाली चैत्र-वैशाखात बसवत नाही. हे सोडवून देणारं कोण असलं तर पायजेच आम्हाला.

निपाणकर

वा! माझ्या वखारीपेक्षा हे सरस.

पणजीहून_बेळगावकर

+१. वाचनखूण साठवली.

खानापुरी_कौल

बोल्टाच्या भोकात शिलाई मशीन. क्या बात है.

मलप्रभाकाठची

दादा, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला आणि आज गाइड सरांनाही दाखवला. माझं ठरलं. प्रबंध वडगाव-खासबागेतल्या मागाच्या घरांवर करते.

कारण सांगते. मी, आणि आमच्या वर्गातले सगळेच, रिकामी इमारत शोधतो आणि तिला काय करायचं ते स्टुडिओत बसून ठरवतो. पणजीकर म्हणाले तसा रोजचा वापर मग मागाहून चिकटवावा लागतो. इथे वापर आधीच उभा आहे, लोकांनी स्वतःच्या पैशाने, गरजेपोटी उभा केलेला. तो टिकायचा तर उजेड, धूर आणि उष्मा हे तीन प्रश्न सुटायला हवेत, आणि तेही भिंती न पाडता. चिरेबंदी काका म्हणतात तसं छपरातून उजेड, कौलवाल्यांनी सांगितलं तसं पत्र्यावर दुसरा थर आणि मधून वारं. पाडून नवं बांधलं असतं तर किती सिमेंट, किती लोखंड, किती माती नाल्याकडे गेली असती, त्याचा हिशेब दुसऱ्या बाजूला मांडीन. उचगावकर दादा, एका घराच्या नव्या बांधकामाचं अंदाजपत्रक तुमच्याकडून मिळेल का? तुलना खऱ्या दरांवर करायचीय.

उचगावचा_कंत्राटदार

नक्की. प्लिंथचं माप पाठवा, आठवड्यात देतो. पाडकामाचा आणि माती वाहतुकीचा दरही वेगळा दाखवतो, येळ्ळूरकरांसाठी.

चिरेबंदी

निवड उत्तम. सल्ला एकच. यंत्रमागाच्या हादऱ्याने पडलेले तडे जुने आहेत की अजून वाढताहेत ते आधी बघ. तड्यावर काचेची पट्टी प्लॅस्टरने आडवी चिकटव, तारीख लिही. काच तडकली तर तडा जिवंत आहे. पावसाळ्याआधी लावून पावसाळ्यानंतर बघितलंस तर पायाची हालचालही कळेल. माती काळी असेल तर ते फार गरजेचं, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आणि दिवसा मधल्या टेबलावर किती लक्स उजेड पडतो ते मोज, मोबाइलवरचं ॲप प्राथमिक अंदाजाला चालतं, पण कॉलेजातून मीटर मिळाला तर तोच वापर.

चंदगडचे_गुरुजी

आणि बायकांशी बोल. हॉल आता त्याच चालवताहेत. मोजमाप पुरुषांसमोर, प्रश्न बायकांना.

वडगावचा_माग

या की ताई. फक्त एक ध्यानात ठेवा, "सर्व्हे करायला आलेय" म्हणू नका. रस्ता रुंद करायला आलेत असं वाटून लोक दार लावून घेतात. वहिनीला सांगून ठेवतो, ती सोबत फिरेल, तिला सगळी घरं ठाऊक हाईत. आणि टेप मोठी आणा, आमचे हॉल लांब असतात.